गांठींतील कृमीचें नांव

माझे मेहुणे सोलापूर जिल्ह्यांत शेती करितात. तीन वर्षांपूर्वीं त्यांनीं दीड एकरांत पेरूची बाग लावली. रोपें एका रोपवाटिकेंतून आणिलीं. दिसावयास तीं सतेज होतीं, आणि पहिलें वर्ष बागेनें चांगलें काढलें. दुसऱ्या उन्हाळ्यांत पानें तांबूस पडूं लागलीं, पाणी देऊनहि झाडें दुपारीं मान टाकूं लागलीं, आणि मग एकामागून एक झाड वाळूं लागलें. त्यांतलें एक मुळासकट उपटून पाहिलें तेव्हां मुळांवर मण्यांच्या माळेसारख्या गांठी दिसल्या. कांहीं मुळें तपासणीसाठीं पाठविलीं. पंधरा दिवसांनीं जो कागद आला त्यावर 'मेलॉइडोगायनी' एवढा शब्द लिहून पुढच्या रकान्यांत 'जाति अनिश्चित' असा शेरा मारलेला होता. मेहुण्यांनीं तो कागद माझ्यापुढें ठेविला व म्हणाले, "दाजी, ह्यात नांव लिहिलंय का नाही, तेच मला कळेना. तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा."

मी इतिहासाचा अध्यापक. कृमींशीं माझा संबंध आजवर आला नव्हता, आणि त्या वेळीं मला कांहींहि सांगतां आलें नाहीं. परंतु जें दुसऱ्यानें विचारलें आणि आपणांस सांगतां आलें नाहीं, तें मनांत सलत राहतें. त्या शेऱ्याचा अर्थ शोधण्यासाठीं मीं ग्रंथालय गांठलें, आणि एका रकान्यामागें किती माणसांचे किती श्रम, किती चुका आणि किती भांडणें उभीं आहेत हें पाहून चकित झालों. तोच वृत्तान्त येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम या प्राण्याची थोडी ओळख करून घेऊं. सूत्रकृमि हें नांव आकारावरून पडलें आहे. दोऱ्याच्या तुकड्यासारखे हे जीव मातींत, पाण्यांत, जनावरांच्या आंतड्यांत, सर्वत्र असतात. त्यांपैकीं जे वनस्पतींवर पोसतात त्यांच्या तोंडांत एक पोकळ भाला असतो. तो पेशींत खुपसून ते आंतील रस शोषितात. गांठी उत्पन्न करणारा कृमि अंड्यांतून बाहेर येतो तेव्हां अर्ध्या मिलिमीटरहूनहि आंखूड असतो. कोवळ्या मुळाच्या टोकाशीं तो आंत शिरतो, एका जागीं ठाण मांडतो, आणि भोंवतालच्या पेशींत असे कांहीं स्राव सोडतो कीं, त्या फुगून राक्षसी होतात व त्याला जन्मभर अन्न पुरवितात. मादी फुगून नासपतीच्या आकाराची होते, हालचाल विसरते, आणि चिकट द्रव्याच्या पिशवींत शेंकडों अंडीं घालते. हरभऱ्याच्या किंवा भुईमुगाच्या मुळांवर ज्या उपकारक गांठी असतात त्यांच्याशीं या गांठींची गल्लत होऊं नये. त्या मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात आणि बोटानें सहज निघतात. ही गांठ म्हणजे मुळाचेंच सुजलेलें अंग, तें मूळ तोडल्यावांचून निघत नाहीं.

या कुळाशीं शास्त्राची पहिली गांठ मात्र मुळांत पडली नाहीं, ती गव्हाच्या दाण्यांत पडली. इ. स. १७४३ मध्यें टर्बरव्हिल नीडहॅम नांवाच्या इंग्रज कॅथलिक धर्मोपदेशकानें काळे पडलेले रोगट गव्हाचे दाणे फोडून सूक्ष्मदर्शकाखालीं ठेविले. आंत पांढऱ्या कोरड्या तंतूंचा पुंजका होता. तंतु सुटे व्हावे म्हणून त्यानें पाण्याचा थेंब टाकला, तों ते वळवळूं लागले! ही हकीकत त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविली. कित्येक वर्षें सुक्या दाण्यांत निपचित पडलेला जीव पाण्याच्या स्पर्शानें जागा होतो, ही गोष्ट त्या काळच्या बुद्धीला पेलण्यासारखी नव्हती. पुढें हाच नीडहॅम निर्जीवापासून सजीव उत्पन्न होतो या मताचा कैवारी झाला आणि व्हॉल्तेअरच्या थट्टेचा विषय बनला. त्या थट्टेच्या गडबडींत गव्हाचा कृमि मागें पडला.

मुळांवरील गांठी प्रथम नोंदल्या त्याहि एका धर्मोपदेशकानेंच. माइल्स जोसेफ बर्कली हा इंग्लंडांतील पाद्री बुरशीशास्त्राचा मोठा अधिकारी. आयर्लंडचा दुष्काळ ज्या बटाट्याच्या रोगानें ओढवला तो रोग बुरशीचा आहे, असें आग्रहानें सांगणाऱ्यांपैकीं तो एक. इ. स. १८५५ मध्यें त्यानें कांचघरांतील काकडीच्या मुळांवर गांठी पाहिल्या, व आंत कृमि असल्याचें लिहिलें. त्यानंतर निरनिराळ्या देशांतून निरनिराळीं नांवें येऊं लागलीं. फ्रान्समध्यें कॉर्न्यूनें १८७९ सालीं एक नांव दिलें. जावामध्यें उंसाच्या मुळांतील कृमीला ट्रॉइब या डच शास्त्रज्ञानें १८८५ सालीं जावाचेंच नांव दिलें. फ्लॉरिडांत नील यानें १८८९ सालीं तिसरें नांव ठेविलें. मध्यंतरीं एमिल गेल्डी नांवाच्या स्विस पंडिताला ब्राझीलमध्यें रिओ प्रांतांतील कॉफीचे मळे कां मरतात हें पाहण्यास पाठविलें होतें. त्यानें १८८७ च्या अहवालांत त्या कृमीसाठीं नवा वंशच कल्पिला आणि त्याला ग्रीक शब्दांचें 'मेलॉइडोगायनी' हें नांव दिलें. अर्थ असा कीं, फळासारखी गरगरीत स्त्री. माझ्या मेहुण्यांच्या कागदावर जो शब्द होता तो हाच.

येथें इतिहासाच्या अभ्यासकाला एक गोष्ट दिसल्यावांचून राहत नाहीं. ऊंस, कॉफी, चहा! हिंदुस्थानांतहि या कृमीची पहिली नोंद बार्बर यानें १९०१ सालीं केली ती निलगिरींतील देवाळा येथील चहाच्या मळ्यांत. वांग्याच्या आणि भेंडीच्या मुळांवर त्या गांठी शेंकडों वर्षें येत असतील. पण वांगीं पिकविणाऱ्याच्या शेतांत सूक्ष्मदर्शक घेऊन कोण जातो? ज्या झाडावर भांडवल लागलें होतें त्याच झाडाच्या मुळाशीं शास्त्र आधीं पोंचलें. मी हें दोष देण्याकरितां म्हणत नाहीं. परंतु नांवांची यादी वाचतांना तिच्या मागें मळेवाल्यांच्या हिशेबाच्या वह्या दिसतात खऱ्या.

इतकीं नांवें झाल्यावर घोळ होणें अपरिहार्य होतें, आणि तो मोठा विचित्र झाला. नांवें पुष्कळ असल्यामुळें जाति पुष्कळ आहेत असें कोणी मानिलें नाहीं. उलट सर्वांनीं ठरविलें कीं, हा सारा एकच प्राणी. कृमि कॉफीवरचा असो वा काकडीवरचा, भिंगाखालीं सारखाच दिसे. मग वेगळें मानावें कशाला? त्याचा वंशहि बीटच्या मुळांवरील कृमीच्या वंशांत, हेटेरोडेरामध्यें, मिळवून टाकला आणि गेल्डीचा शब्द अडगळींत पडला. इ. स. १९३२ मध्यें गुडी या इंग्रज शास्त्रज्ञानें ज्येष्ठत्वाचा नियम लावून कॉर्न्यूचें नांव पुढें आणिलें, आणि जगांतील सर्व गांठी 'हेटेरोडेरा मॅरिओनी' या एका नांवाखालीं जमा झाल्या.

एका नांवानें सोय झाली, पण शेतकऱ्याचें नुकसान झालें. सरकारी पत्रकांत लिहावें कीं, अमुक पीक घेतल्यास कृमि उपाशीं मरतो. शेजारच्या परगण्यांत तोच उपाय करावा तर तेंच पीक गांठींनीं भरून जावें. एका ठिकाणचा कृमि भुईमुगावर पोसे, दुसऱ्या ठिकाणचा त्याला तोंडहि लावीत नसे. पुष्कळ दिवस लोकांनीं याचा दोष जमिनीला, हवेला, शेतकऱ्याच्या आळसाला दिला. इ. स. १९४४ मध्यें क्रिस्टी व आल्बिन या अमेरिकन संशोधकांनीं ठिकठिकाणचे कृमि आणून तींच तींच रोपें त्यांच्यापुढें ठेविलीं, आणि प्रत्येकाची भूक निराळी आहे हें दाखवून दिलें. ज्यांना आपण एक म्हणतों ते एक नाहींत हें आतां उघड झालें. पण ते ओळखावे कशावरून?

या प्रश्नाच्या उत्तराकडे जाण्यापूर्वीं एक गमतीची हकीकत सांगतों. पहिल्या महायुद्धाच्या वेळीं अमेरिकन सैनिकांच्या विष्ठेची तपासणी चालूं असतां कोफॉइड व व्हाइट या दोघांना अनोळखी अंडीं सांपडलीं. मनुष्याच्या आंतड्यांतील एक नवाच कृमि आपणांस गवसला असें समजून त्यांनीं १९१९ सालीं त्याचें जाहीर बारसें केलें. प्रौढ कृमि कोणींच पाहिला नव्हता, म्हणून नांव ठेविलें 'इन्कॉग्निटा', म्हणजे अज्ञात. चार वर्षांनीं सँडग्राउंड या गृहस्थानें प्रश्न उपस्थित केला कीं, हीं अंडीं मुळांच्या गांठींतल्या कृमीचीं तर नव्हेत? सैनिकांनीं गांठी आलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या, आणि अंडीं पोटांतून न पचतां बाहेर पडलीं होतीं! मनुष्याचा नवा रोग नाहींसा झाला. पण नांव छापून गेलें होतें, आणि प्राणिशास्त्राच्या कायद्यांत छापलेलें नांव सहजासहजीं मरत नाहीं. आज जगांतील पिकांचें ज्याच्याकडून अतोनात नुकसान होतें तो गांठींचा कृमि 'इन्कॉग्निटा' याच नांवानें प्रसिद्ध आहे.

त्याला तें नांव मिळवून दिलें बेंजामिन चिटवुड यानें. नेथन कॉब या कलावंत वृत्तीच्या शास्त्रज्ञानें अमेरिकेंत सूत्रकृमींच्या अभ्यासाचा पाया घातला होता. कॉबचीं रेखाचित्रें अशीं कीं, कृमीच्या अंगावरील प्रत्येक रेघ मोजून घ्यावी. त्या परंपरेंत वाढलेल्या चिटवुडनें १९४९ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला आणि साठ वर्षांचा घोळ एका फटक्यासरशीं सोडविला. गेल्डीचा वंश त्यानें पुनः जिवंत केला व 'मॅरिओनी' या एका नांवाच्या जागीं पांच जाति व एक पोटजाति मांडली. त्याची युक्ति साधी होती. फुगलेल्या मादीचें मागलें टोक धारदार पात्यानें कापावें, स्वच्छ करून कांचेवर पसरावें, आणि गुदद्वार व जननद्वार यांच्या भोंवतालच्या कातडीवरील रेषा पाहाव्या. त्या रेषा माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या असतात. 'इन्कॉग्निटा'च्या ठशांत वरची कमान उंच व चौकोनी; 'जावानिका'च्या ठशांत दोन्ही बाजूंस दोन रेघा जाऊन वरचा व खालचा भाग अलग पडलेला; 'हॅप्ला'च्या ठशांत शेंपटीच्या टोकाजवळ बारीक टिंबांची रांगोळी. गुन्हेगारांचे ठसे ठेवणारें दफ्तर कलकत्त्यास १८९७ सालीं उघडलें गेलें. त्यानंतर अर्ध्या शतकानें ती कल्पना शेतांतील गुन्हेगारालाहि लागू झाली.

ठशांची ही पद्धति एका पिढीनें डोक्यावर घेतली, आणि दुसऱ्या पिढीला तिच्यांतील खोट दिसूं लागली. माणसाचा ठसा जन्मभर बदलत नाहीं. पण एकाच मादीच्या पोटच्या लेंकींचे ठसे एकमेकींशीं जुळतीलच असा नेम नाहीं. मधले नमुने पुष्कळ निघतात. अशा वेळीं पाहणाऱ्यानें जें नांव मनांत धरिलें असेल तेंच त्याला कांचेवर दिसूं लागतें. जुन्या कागदपत्रांच्या वाचनांत आम्हां इतिहासवाल्यांकडून हा प्रमाद नेहमीं घडतो, म्हणून त्यांच्याविषयीं मला सहानुभूति वाटते.

डोळ्याला जें एक दिसतें तें दोन असूं शकतें, याचा दाखला बटाट्यानेंहि दिला. युरोपांत बटाट्याच्या मुळांवर मोहरीच्या दाण्याहून बारीक गोळे धरणारा एक कृमि आहे. त्याला दाद न देणारा वाण १९६६ सालीं इंग्लंडांत लागवडीस आला आणि लोकप्रिय झाला. कांहीं वर्षांत शेतकरी तक्रार करूं लागले कीं, कृमि कमी होण्याऐवजीं वाढतच आहे. वास्तविक शेतांत दोन कृमि होते. एकाची मादी पिकण्यापूर्वीं सोनेरी होते, दुसऱ्याची पांढरटच राहते. स्टोन यानें १९७३ सालीं दुसऱ्याला वेगळी जाति ठरविलें. नव्या वाणानें पहिल्याला उपाशीं मारून दुसऱ्यासाठीं रान मोकळें केलें होतें. जोन्स यानें १९६१ सालीं उटकमंडजवळ हे गोळे प्रथम पाहिले. निलगिरींत हे दोन्ही कृमि आढळतात.

गांठींच्या कृमीकडे पुनः वळूं. त्याची ओळख इतकी अवघड कां, याचें कारण हळूहळू पुढें आलें तें त्याच्या गृहस्थाश्रमांत आहे. त्यांतील सर्वांत उपद्रवी ज्या जाति, त्यांच्या माद्यांना नराची गरजच नसते! नर कधीं कधीं जन्मतात, पण संततीशीं त्यांचा संबंध नसतो. लेंकी आईच्याच अंड्यांतून, बापावांचून निपजतात. ज्या दोहोंच्या संकरानें प्रजा होते त्या एका जातीच्या, अशी जी व्याख्या आपण शाळेंत शिकलों, ती येथें कुचकामाची ठरते. जेथें विवाहच नाहीं तेथें सोयरीक कशी पाहणार? ट्रायान्टाफायलू या शास्त्रज्ञानें वर्षानुवर्षें या माद्यांच्या अंड्यांतील गुणसूत्रें मोजलीं, आणि १९८५ च्या सुमारास एस्बेनशेडच्या साहाय्यानें नवी कसोटी काढली. एक कोंवळी मादी चिरडावी, तिचा रस लुकणासारख्या पातळ थरावर ठेवून त्यांतून वीज खेळवावी, म्हणजे तिच्या अंगांतील विशिष्ट द्रव्यांचे पट्टे उमटतात. 'जावानिका'चे तीन पट्टे, 'इन्कॉग्निटा'चा एक. ठशांच्या बाबतींत जो वाद चाले तो पट्ट्यांनीं पुष्कळ अंशीं मिटविला.

त्यानंतर जनुकांचें वाचन आलें, आणि आतां सर्व संशय फिटला असें कित्येकांना वाटलें. पण इ. स. २००८ मध्यें 'इन्कॉग्निटा'चें जनुकीय पुस्तक उघडलें तेव्हां पुष्कळ पानें दोन दोन वेळां, आणि तींहि निरनिराळ्या पाठभेदांनीं, लिहिलेलीं आढळलीं. फार प्राचीन काळीं भिन्न कुळांचा संकर होऊन या बापावांचूनच्या जाति निपजल्या असाव्या असें आतां मानितात. साहजिकच एखादें पान उचलून त्यावरून वंशावळ मांडली तर ती कोणाच्या घराण्याची निघेल याचा भरंवसा नाहीं. म्हणून अभ्यासक पेशींतील जो भाग केवळ आईकडूनच येतो त्यांतील अक्षरें वाचणें अधिक पसंत करितात. त्यांत पाठभेदांचा गोंधळ कमी.

डोळा आणि जनुक या दोहोंची खरी परीक्षा ज्या प्रकरणांत झाली तें आमच्या पेरूशीं निगडित आहे. चीनच्या हायनान बेटावर शिरीषाच्या कुळांतील एन्टेरोलोबियम नांवाच्या झाडाच्या मुळांत सांपडलेल्या कृमीला यांग व आयझेनबॅक यांनीं १९८३ सालीं 'एन्टेरोलोबी' असें नांव दिलें. पांच वर्षांनीं पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, प्वेर्तो रिको बेटावर, वांग्याच्या मुळांतला एक कृमि रामाह व हिर्शमन यांनीं वर्णिला व त्याला तेथील मायाग्वेस या गांवावरून 'मायाग्वेन्सिस' म्हटलें. पहिल्या नांवाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. दुसरा कृमि मात्र गाजला, कारण तो भयंकर होता. टोमॅटोच्या एका रानटी भावंडापासून कॅलिफोर्नियांत १९४४ च्या सुमारास संकरानें जो प्रतिकारक गुण मिळविला होता, आणि ज्या एका रोपापासून जगांतील बहुतेक प्रतिकारक टोमॅटो उतरले, त्या गुणाला हा कृमि जुमानीत नव्हता. इ. स. २००१ मध्यें ब्राझीलमध्यें पेत्रोलिना भागांतील पेरूच्या बागा त्यानें उजाड केल्याची नोंद झाली. गेल्डीच्या कॉफीनंतर शंभरावर वर्षांनीं तोच देश, तशाच गांठी!

मग चिनी संशोधकांनीं दोन्ही कृमींचीं जनुकीय अक्षरें शेजारीं ठेविलीं, तीं सारखीं निघालीं. तेवढ्यावर निकाल दिला नाहीं, हें मला विशेष वाटलें. हॉलंडमधील कार्सेन व त्यांचे सहकारी यांनीं मूळ नमुने पुनः भिंगाखालीं घातले, मापें घेतलीं, प्रथिनांचे पट्टे पाहिले, कोणत्या रोपांवर कोणता जगतो हें ताडून पाहिलें, आणि १९१९ चा अनुभव विसरला नसल्याप्रमाणें सावकाश, २०१२ सालीं, दोन्ही एकच आहेत असें जाहीर केलें. जुनें नांव राहिलें, नवें गेलें. जवळजवळ पंचवीस वर्षें एकाच शत्रूची खबर दोन नांवांनीं दोन वह्यांत लिहिली जात होती. चीनची वही वाचणाऱ्यास प्वेर्तो रिकोची वार्ता कळत नव्हती. आपल्या देशांत हा कृमि तमिळनाडूंतील पेरूच्या बागांत आढळल्याची नोंद २०१६ सालची आहे.

आज नवी जाति मांडावयाची तर दोन्ही साक्षी द्याव्या लागतात: भाल्याची लांबी, शेंपटीचा आकार, कातडीचे ठसे, आणि शिवाय जनुकांतील अक्षरें. पण या दोन साक्षीदारांचें आपसांत जमत नाहीं. जुने नमुने ज्या द्रवांत मुरवून कांचेवर कायम केले आहेत त्यांतून जनुक वाचणें फार कठीण. आणि जनुक काढावयाचें तर कृमि चिरडावा लागतो, मग कांचेवर काय ठेवणार? यावर तोड अशी काढली आहे कीं, चिरडण्यापूर्वीं कृमीचें चलच्चित्र घ्यावें, आणि जुन्या जातींसाठीं मूळ गांवीं जाऊन त्याच झाडाच्या मुळांतून पुनः नमुने आणावे. आम्ही जसे एखाद्या बखरीची खरी प्रत शोधीत तिच्या गांवीं जातों, तसेंच हें. हें काम करणारीं माणसें मात्र कमी होत चाललीं आहेत, असें त्या विषयांतील जाणते सांगतात. यंत्र अक्षरें भराभर वाचतें. पण तीं अक्षरें ज्या मूळ नमुन्याशीं ताडावयाचीं त्याची ओळख डोळ्यानें पटवणारा मनुष्य घडावयास वीस वर्षें लागतात.

हें सर्व मीं दिवाळींत मेहुण्यांना सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, आणि विचारलें, "म्हणजे टोमॅटो लावायचा तर कोणता लावायचा, ते त्या रिकाम्या रकान्यावर आहे म्हणा की." मीं मान हलविली. त्यांनीं पेरूचीं उरलेलीं झाडें काढून टाकलीं होतीं, पण एका कोंपऱ्यांतील दोन झाडें मुद्दाम ठेविलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघांनीं त्यांच्या मुळांशीं खणलें. कोंवळ्या गांठी निवडून ओल्या मातीसकट पिशवींत भरल्या, आणि जेथें पट्टे व जनुकें दोन्ही पाहण्याची सोय आहे अशा ठिकाणीं त्या पाठविल्या. सोबतच्या चिठ्ठींत मेहुण्यांनीं आपल्या हातानें लिहिलें: जातीचें नांव कळवावें.